अनुभव धागा: थेटरला जाणं का सुटलं? (पायरेटेड बघणाऱ्यांनीही लिहा)

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होतो. आपल्यातले निम्मेअधिक लोक सिनेमावर भरभरून बोलतात, पण थेटरात शेवटचं कधी गेलात विचारलं की आठवत बसतात. तर सांगा, जाणं कमी का झालं, आणि पायरेटेड बघत असाल तर का बघता. फुकट मिळतं एवढंच कारण असेल तर तेवढंच लिहा, उगाच सिस्टीमवर ढकलू नका. बरोबर-चूक हा वाद इथे नको, त्याचा पार चोथा झालाय. आणि लिंका देऊ नका प्लीज.

माझं सांगतो. मी थेटर सोडलं ते मोबाइलवाल्यांमुळे. अंधारात बसायला म्हणून माणूस जातो ना, आणि पुढच्या रांगेत कोणीतरी फुल ब्राइटनेसवर मेसेज वाचतंय, पलीकडचा पडद्याचाच व्हिडिओ काढून स्टेटसला टाकतोय (ही पण पायरसीच, पण त्याला सांगायला जा, भांडण ठरलेलं), आणि डोअरकीपर एकदा पिक्चर सुरू झाला की गायब. पायरेटेड बघत नाही, ओटीटीवर यायची वाट बघतो. आणि हल्ली फार वाट बघावीही लागत नाही, पूर्वी मध्ये महिनोन्‌महिने जायचे, 2020 नंतर बऱ्याच सिनेमांचं ते दीड-दोन महिन्यांवर आलंय. मग घाई कशाला करू?

*

मी प्रोजेक्शनला आहे म्हणून आमची बाजू मांडतो. लोकांना वाटतं प्रिंट आमच्याकडूनच बाहेर जाते. आता रिळं नाहीत हो. सिनेमा हार्ड डिस्कवर नाहीतर सॅटेलाइटवरून येतो, कधी शंभर कधी दोनशे जीबी, आणि कुलूपबंद. चावी वेगळी, ती ईमेलने येते, केडीएम म्हणतात तिला. ती त्या एकाच सर्व्हरला लागते आणि कधीपासून कधीपर्यंत चालणार ते तिच्यात घातलेलं असतं, म्हणजे पिक्चर डिस्कवर पडून असला तरी वेळेआधी मलासुद्धा बघता येत नाही. पहिल्या शोला पब्लिक आत बसलंय, चावीचा पत्ता नाही, मॅनेजर मानेवर बसलाय आणि मी इनबॉक्स रिफ्रेश करतोय, असंही झालंय. शिवाय चित्रात आणि आवाजात न जाणवणारा वॉटरमार्क असतो, कोणी कॅमेऱ्याने उतरवलं तर कुठला सर्व्हर, कधीचा शो, सगळं निघतं.

एवढा बंदोबस्त चोरासाठी. आणि तिकीट काढून आलेल्यासाठी काय? नियमाने पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड पाहिजे, पण प्रोजेक्टरचा झेनॉनचा दिवा महाग, म्हणून त्याचे ठरलेले तास संपले तरी ताणतात, मग रात्रीचे सीन आले की पडद्यावर नुसती राख. आवाजाचं तेच. मिक्सिंग करणारे थेटरातला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खुंटी, 7 वर धरून करतात, इथे कोणीतरी मोठा आवाज म्हणून तक्रार केली की 5 वर आणतात आणि तो परत वर जातच नाही. मी बोललो की उत्तर ठरलेलं, पब्लिकला काय कळतंय. कळतं हो. ते भांडत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत इतकंच.

*

मला दोन्ही कानांना मशीन आहे. थेटरात सबटायटल परभाषेच्या सिनेमाला मिळाले तर मिळतात, आपल्या भाषेच्या सिनेमाला देतंय कोण, सगळ्यांना ऐकू येतं हे धरलेलंच असतं. भावाने पहिल्यांदा डाउनलोड केलेली फाइल सबटायटल लावून दिली त्या रात्री मी विनोदाला सगळ्यांच्या बरोबर हसले, तोपर्यंत बाकीच्यांची तोंडं बघून मागून हसायचे. आता यात एक कडू गंमत आहे बघा. काही थेटरांत कमी ऐकणाऱ्यांना हेडफोनवर थेट आवाज देतात, आणि चोर तोच आवाज रेकॉर्ड करून कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राला जोडतात, म्हणून काही चोरट्या प्रिंटांचा आवाज इतका स्वच्छ असतो. मी ज्या ज्या थेटरात ते हेडफोन मागितले तिथे काउंटरवरच्या पोरांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. चोरांना बरं माहीत असतं!

*

मी उघड सांगतो, हॉस्टेलला फुकट म्हणूनच बघायचो. कॅमेराप्रिंट म्हणजे फ्रेम तिरकी, मध्येच कोणाचं तरी डोकं उठून बाहेर जाणार, आणि विनोदावर त्या थेटरातल्या लोकांचं हसू आपल्या खोलीत. पण पायरसीने धंदा बसतो हे मला पूर्ण पटत नाही. 2009 ला वुल्व्हरिन या हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमाची कच्ची कॉपी रिलीजच्या महिनाभर आधी फुटली होती, इफेक्ट अर्धवट, नटांना बांधलेल्या तारासुद्धा दिसत होत्या, आणि तरी पहिल्याच वीकेंडला अमेरिकेत साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास कमावले की त्यांनी.

*

वरच्या हॉस्टेलवाल्या मित्रा, तो हत्ती होता रे, त्याला काय फरक पडतोय. मी एका छोट्या सिनेमाचं साउंड एडिटिंग केलं. थोड्याच स्क्रीन मिळाल्या, त्याही अडनिड्या वेळेच्या, आणि तिसऱ्या दिवशी टेलिग्रामवर आख्खा सिनेमा. मी त्या चॅनलवर जाऊन बसलो, व्ह्यूचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता, खाली लोक लिहितायत 'मस्त पिक्चर, असे व्हायला पाहिजेत', बदाम, टाळ्या. शिवी दिली असती तरी चाललं असतं मला. पावसाच्या सीनला पत्र्यावरचा पाऊस वेगळा, मातीवरचा वेगळा असं थर लावत बसलो होतो, तो त्या फाइलमध्ये सगळा मिळून एकच खरखराट. पण हेही खरं की ज्यांना बघायचा होता त्यांना जवळ शोच नव्हता. त्यांच्यावर चिडू तरी कसा?

*

आमच्याकडे थेटर सुटलं ते मुलं लहान म्हणून, त्यात तक्रार काही नाही. तक्रार पुढे आहे. ओटीटी आलं तेव्हा टोरेंट सोडलेलं मी, खरंच सोडलं, कारण सोपं होतं, पैसे भरा आणि बघा. आता पहिला भाग एकीकडे, दुसरा दुसरीकडे, तिसरा 'तुमच्या भागात उपलब्ध नाही', पैसे भरूनही मध्ये जाहिराती, आणि अर्धा बघून ठेवलेला सिनेमा पुढच्या महिन्यात गायब. 'खरेदी' बटण दाबून घेतलेला सिनेमासुद्धा आपला नसतो, अटी वाचल्या तर तो परवानाच असतो नुसता. नवरा म्हणतो शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात डाउनलोड होऊन बघून झाला असता. बोलते मी त्याला, पण मुद्दा खोडता येत नाही.

*

मी अजून जातो, बहुतेक एकटाच, दुपारच्या शोला. आणि घरच्या टीव्हीचं कौतुक करणाऱ्यांनो, त्यातलं ते मोशन स्मूदिंग आधी बंद करा, सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घुसडतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. ते चालू ठेवून थेटरला नावं ठेवू नका राव.

*

धागाकर्ता: आत्ताच बंद केलं, सेटिंगमध्ये तीन मेनू आत लपवलेलं होतं 😀 प्रोजेक्शनवाले दादा, पडदा अंधारा आहे हे आम्ही बसल्याजागी कसं ओळखायचं? की आपल्याच डोळ्यांचा दोष म्हणून गप्प बसायचं?

*

डोळ्यांचा नाही. साधा 2डी सिनेमा असेल तर मागे वळून बूथच्या खिडकीकडे बघा. काही मशीनांवर 3डीची लेन्स काढायचा कंटाळा करतात, तेव्हा एकाच्या जागी एकावर एक असे दोन झोत दिसतात आणि ती लेन्स उजेड खूपच खाते. तसं दिसलं तर उठून सांगा, आणि सुरुवातीलाच सांगा, ट्रेलर चालू असताना. इंटरव्हलला सांगितलंत तर 'आता राहू दे' म्हणतात, मी ऐकलंय.