‘संदेश’, ‘भाकीत’ की ‘भविष्यवाणी’? आणि त्याचा उलगडा कोणी करावा?

वाचनवेडी:
नमस्कार. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकावर एक इंग्रजी अभ्यासपुस्तिका आहे आणि आमच्या मंडळीतील अभ्यासवर्गासाठी मी तिचे मराठी रूपांतर करीत आहे. आरंभीच एक वाक्य आले. पुढे घडणाऱ्या गोष्टींविषयीचा भाग समजून घ्यायचा असेल, तर वाचकाने कोणाच्या व्याख्यानावर विसंबून न राहता स्वतः शास्त्र शोधावे, असा त्याचा आशय होता. मी लिहिले, ‘बायबलमधील भविष्यवाणी समजण्यासाठी प्रत्येकाने शास्त्राचा स्वाध्याय करावा.’ मसुदा तपासणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी या एका वाक्यावर तीन आक्षेप घेतले. ‘भविष्यवाणी’ हा शब्द राशिभविष्याच्या सदरात शोभतो. ‘स्वाध्याय’ हा आपल्या परंपरेतला शब्द नव्हे. आणि मुळात हे विधानच पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील १:२० या वचनाच्या विरुद्ध आहे, कारण शास्त्रातील संदेशाचा उलगडा कोणाला स्वतःच्या बुद्धीने होत नाही असे आपल्या मराठी प्रतीत स्पष्ट म्हटले आहे. मी त्यांना प्रेषितांची कृत्ये १७:११ दाखवले. तेथे पौलाचे बोलणे खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी बिरुयातील लोक रोज शास्त्र शोधत होते आणि लूकने त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केली आहे. तरीही आमचे एकमत झाले नाही. पहिल्या दोन शब्दांचे काय करावे, आणि पेत्राच्या वचनातील ‘स्वतःच्या बुद्धीने’ हे मुळात आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

शुद्धमती:
‘भविष्यवाणी’ला माझाही विरोध आहे, परंतु माझे कारण धार्मिक नाही. मराठीत ‘भविष्य’ सांगतात, ‘भाकीत’ करतात. ‘भविष्यवाणी’ ही हिंदी वृत्तवाहिन्यांच्या सहवासाने आपल्याकडे स्थिरावलेली पाहुणी आहे. ‘भाकीत’ हा स्वच्छ, लहान आणि अस्सल शब्द उपलब्ध असताना अन्यत्र शोध घेण्याचे कारण नाही. त्याचे मूळ ‘भाक’, म्हणजे वचन, हे आहे. देवाने दिलेले वचन आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीचे कथन हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र येतात, आणि बायबलसाठी याहून समर्पक शब्द मिळणे कठीण आहे.

नगरवाडी:
शुद्धमती यांची व्युत्पत्ती आकर्षक असली तरी शब्दाची निवड मला मान्य नाही. आमच्या आजोबांच्या जुन्या प्रतीत यशया ‘भविष्यवादी’ होता. आमच्या पिढीच्या प्रतीत तो ‘संदेष्टा’ झाला आणि तो जे करतो त्याला ‘संदेश देणे’ म्हणू लागले. हा बदल मला विचारपूर्वक केलेला वाटतो. योनाचे उदाहरण घ्या. चाळीस दिवसांनी निनवे नगर उलथून पडेल असे तो रस्तोरस्ती सांगत फिरला. नगराने पश्चात्ताप केला आणि ते उलथले नाही. त्याच्या बोलण्याला भाकीत म्हटले तर ते सपशेल चुकले असे म्हणावे लागेल. संदेश म्हटले तर त्याच्याइतका यशस्वी संदेष्टा साऱ्या बायबलात सापडणार नाही, मग स्वतः योना त्यावर कितीही रुसून बसलेला असो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातही पौल या दानाविषयी बोलताना मंडळीची उन्नती, तिला मिळणारा बोध आणि सांत्वन यांची नावे घेतो. पुढे काय घडणार याचा तेथे उल्लेख नाही.

एक गंमत सांगतो. आपण येथे जी चर्चा करीत आहोत, ती बायबलच्या लेखकालाही करावी लागली होती. १ शमुवेल ९:९ मध्ये, ज्याला हल्ली संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी इस्राएलात द्रष्टा म्हणत असत, असा खुलासा कथेच्या मध्येच घातलेला आहे. शौल हरवलेल्या गाढवींच्या शोधात निघाला आहे आणि लेखक थांबून आपल्याला शब्दार्थ सांगतो.

शुद्धमती:
‘संदेश’ हा शब्द आता मोबाइलवर येतो. दानीएलाच्या सातव्या अध्यायात समुद्रातून वर येणारे चार पशू वाचकापुढे उभे करायचे आणि त्यास ‘संदेश’ म्हणायचे, हे भाषेला मिळमिळीत करणे आहे. शिवाय सर्व ठिकाणी एकच शब्द चालावा, असा प्रश्न येथे नाही. दानीएलाच्या संदर्भात पुढील काळाचे कथन हाच मुख्य भाग आहे.

किनारपट्टी:
आम्ही रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आमच्या घरी हा शब्द कधी भाषांतरित झालाच नाही. मलिद्याच्या विधीत आम्ही ‘एलियाहू हन्नबी’चे नाव घेतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात. हा ‘नबी’ आणि आमच्या मुसलमान शेजाऱ्यांचा ‘नबी’ एकाच सेमिटिक मुळातून आलेले आहेत, आणि दोघेही अस्सल मराठी बोलतात. तेव्हा ‘नबी’ला परका ठरवण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट अशी की, वाचनवेडी ज्या पुस्तकावर काम करीत आहेत, ते आमच्या तनाखमध्ये, म्हणजे यहुदी धर्मग्रंथात, नबींच्या विभागात नसून ‘केतुवीम’ या लेखांच्या विभागात एस्तेर, एज्रा यांच्या सोबत आहे. ख्रिस्ती बायबलमध्ये दानीएल यहेज्केलानंतर येतो आणि मत्तय २४:१५ मध्ये त्याला संदेष्टा म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु आमच्या मांडणीनुसार दानीएल हा स्वप्नांचा अर्थ सांगणारा ज्ञानी पुरुष ठरतो. म्हणून त्याच्या पुस्तकाला ‘संदेश’ किंवा ‘भाकीत’ म्हणण्याआधी, त्याचा स्वतःचा शब्द ‘दर्शन’ आहे, तो का वापरू नये?

मांडवीतीर:
गोव्यात कोंकणी प्रार्थनेत आम्ही ‘प्रवादी इझायास’ म्हणतो. ‘प्रवादी’ हा शब्द मराठीनेही घ्यावा असे मला सुचवावेसे वाटते.

नगरवाडी:
मांडवीतीर, शब्द सुंदर आहे, परंतु मराठीत ‘प्रवाद’ म्हणजे खरी-खोटी न तपासता पसरलेली वदंता. ‘यशया प्रवादी’ असे वाचून आमच्याकडचा वाचक त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावील. ‘प्रेषित’ या शब्दाचा गोंधळही याच जातीचा आहे. सर्वसाधारण मराठीत प्रेषित म्हणजे महंमद पैगंबर. ख्रिस्ती मराठीत प्रेषित म्हणजे पेत्र आणि पौल. एकाच शाळेतील दोन मुलांना या शब्दाने दोन निराळी माणसे आठवतात.

वाचनवेडी:
सर्वांचे आभार. ‘दर्शन’ हा पर्याय मला पटतो, निदान सातव्या अध्यायापासून पुढे. परंतु पेत्राच्या वचनाविषयी कोणी काही सांगेल का? आमच्या वर्गाचे गाडे तेथेच अडले आहे.

दोनओळी:
मी थोडे ग्रीक शिकलो आहे, म्हणून धाडस करतो. मुळात ‘इदियास एपिल्युसेओस’ असे दोनच शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ ‘स्वतःचा’. दुसरा ‘सोडवणे, गाठ मोकळी करणे’ या धातूपासून आला आहे, आणि त्यासाठी ‘उलगडा’ हा मराठी शब्द ज्याला सुचला त्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. मार्क ४:३४ मध्ये येशू शिष्यांना दाखल्यांचा अर्थ एकांतात समजावून सांगतो, तेथे याच मुळाचे क्रियापद आहे. ‘बुद्धी’ मात्र मुळात नाही. ती भाषांतरकाराने अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातली आहे.

खरा वाद ‘स्वतःचा’ म्हणजे कोणाचा, हा आहे. वाचकाचा मानला, तर तुमच्या तपासनिसांचे म्हणणे टिकते. परंतु लगेच पुढच्या २१व्या वचनात, कोणताही संदेश मनुष्याच्या इच्छेने आला नाही, पवित्र आत्म्याने प्रेरित झालेली माणसे बोलली, असे कारण दिले आहे. ते कारण वाचकाशी जुळत नाही, बोलणाऱ्याशी जुळते. म्हणून अनेक अभ्यासकांच्या मते पेत्र येथे संदेष्ट्याविषयी बोलत आहे: त्याने जे पाहिले त्याचा अर्थ त्याने आपल्या मनाने रचलेला नाही. असे वाचले, तर या वचनात वाचकाच्या अभ्यासाला बंदी कोठेच उरत नाही. मराठीतील एका ‘बुद्धी’मुळे मात्र वाचकाच्या हातून पुस्तक काढून घेतल्यासारखे वाटते.

नगरवाडी:
दोनओळी यांचे विवेचन मोलाचे आहे, पण तपासनिसांची बाजूही इतकी कच्ची नाही. प्रेषितांच्या कृत्यांतच आठव्या अध्यायात कूशी षंढ रथात बसून यशया वाचीत आहे. फिलिप्प विचारतो, वाचता ते समजते का? तो म्हणतो, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार? खुद्द दानीएल नवव्या अध्यायात यिर्मयाचे लेख वाचून यरुशलेमेच्या उजाडीची सत्तर वर्षे समजून घेतो. स्वतः अभ्यास करण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. तो उपास करतो, प्रार्थना करतो, आणि अखेर गब्रीएलाला समजावून सांगण्यासाठी यावे लागते. आठव्या अध्यायाचा शेवट तर असा आहे की, समजावून सांगितल्यानंतरही ते दर्शन कोणाला कळले नाही.

दोनओळी:
पण त्याच आठव्या अध्यायात दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदय व पारस यांचे राजे आणि बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, असा उलगडा ग्रंथातच दिला आहे. जेथे ग्रंथ स्वतः बोलतो तेथे शेतकऱ्यालाही तो समजतो. अडचण सुरू होते ती ग्रंथ जेथे गप्प राहतो तेथे. न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टनचा शेतकरी विल्यम मिलर याने बायबल आणि शब्दसूची एवढीच साधने जवळ ठेवून, वचनाने वचन उलगडीत वर्षानुवर्षे अभ्यास केला. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांच्या आधारे त्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, दानीएल ८:१४ मधील २३०० दिवसांची २३०० वर्षे केली, इ. स. पू. ४५७ पासून ती मोजली, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ १८४३च्या सुमारास आणून ठेवला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. तो दिवस आला आणि गेला. त्यास आजही ‘महानिराशा’ म्हणतात.

शब्दचर्चेच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग असा की, इंग्रजी राजाज्ञेच्या (किंग जेम्स) प्रतीत त्या ठिकाणी ‘दिवस’ असे छापले आहे. हिब्रूत ‘दिवस’ हा शब्द तेथे नाही, ‘संध्याकाळ-सकाळ’ असे आहे. म्हणून काहीजण ते मंदिरातील सकाळ-संध्याकाळचे २३०० बली, म्हणजे ११५० दिवस, असे वाचतात आणि त्याचा संबंध अंतियोख एपिफानेस या ग्रीक वंशाच्या राजाने इ. स. पू. १६७ मध्ये केलेल्या मंदिराच्या विटंबनेशी लावतात. स्वतः अभ्यास करावा हे मला सर्वस्वी मान्य आहे, परंतु भाषांतरावरून अभ्यास करणाऱ्याने निदान दोन प्रती शेजारी ठेवाव्यात. वाचनवेडी, तुमच्या पुस्तिकेत ही एक टीप अवश्य घाला.

शुद्धमती:
‘टीप’ घाला, ‘टीका’ नको. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, हे आता मुलांना समजावून सांगावे लागते. ‘शास्त्रावरील टीका’ असे मुखपृष्ठावर छापले, तर मंडळीत सभा बोलवावी लागेल.

‘स्वाध्याया’विषयी माझे मत तपासनिसांच्या विरुद्ध आहे. मूळ अर्थ आपल्या शाखेचा वेद म्हणणे असा होता, हे खरे. पण आज शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात धड्याखाली ‘स्वाध्याय’ असतो. शब्दाला जानवे कायमचे चिकटलेले नसते.

नगरवाडी:
पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’. तोच तर धोका आहे! दानीएलाच्या रिकाम्या जागा लोकांनी पुष्कळ भरल्या. पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलचे मराठीकरण करीत होत्या, तेव्हा नुकते वाचायला शिकलेल्या बाईलाही समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. संस्कृत त्यांच्याइतके येणारे तेव्हा किती होते? तरीही त्यांनी जड शब्द बाजूला सारले. त्याच न्यायाने ‘प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे आणि शोधावे’ असे साधे वाक्य लिहिले, तर त्यात कोणता शब्द कमी पडतो?

पंचगंगाकाठ:
मूळ प्रश्नाविषयी मला अधिकार नाही, पण ‘भाक’ म्हणजे वचन, म्हणून ‘भाकीत’, ही शुद्धमती यांची व्युत्पत्ती घाईची वाटते. आपण ‘करुणा भाकतो’, तेथे वचन कोण कोणाला देतो? तेथे भाकणे म्हणजे विनवून बोलणे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची ‘भाकणूक’ होते. पाऊसपाणी, धान्याचे दर, राजकारण, सर्व काही त्यात असते. तेथे भाकणे म्हणजे देवाच्या वतीने बोलणे. मला तर बायबलमधील आमोस हा मेंढपाळ असल्याचे वाचून प्रथम बिरदेवाची यात्राच आठवली.

नगरवाडी:
आमोस आपण संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पुत्रही नाही, असे बेथेलचा याजक अमस्या याला ठणकावून सांगतो. त्याला यात्रेत उभे करू नका. धान्याच्या दराविषयी तो बोलला आहे हे मात्र खरे: माप लहान करून किंमत वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांवर तो तुटून पडला आहे.

शुद्धमती:
‘करुणा भाकणे’ हा निराळा धातू असू शकतो. आणि जाता जाता: ‘भाकीत वर्तवणे’ हा प्रयोग वृत्तपत्रांनी बंद करावा. अंदाज वर्तवतात, भाकीत करतात.

पंचगंगाकाठ:
बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी झाली की त्या भागातले लोकच ‘भाकीत वर्तवले’ म्हणतात. त्यांना बंदी कोण करणार? आणि निराळा धातू असेल तर तो कोणता, हेही सांगावे.

मांडवीतीर:
‘भाकणूक’ हा शब्द मला नवीन आहे आणि फार आवडला. याचे अनेकवचन कसे होते?

पंचगंगाकाठ:
निवडणूक, निवडणुका, तसेच भाकणूक, भाकणुका. सामान्यरूप ‘भाकणुकी-’ असे, म्हणजे ‘यंदाच्या भाकणुकीत’.