कोब्राची रेप्लिका घेतली आणि महिन्याभरातच तापायला लागली

प्रश्न: मंडळी, मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या महिन्यात कोब्रा या स्पोर्ट्स कारची जुनी रेप्लिका (हुबेहूब नक्कल) घेतली, फायबरग्लासची बॉडी, आत रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही८ इंजिन. मोकळ्या रस्त्यावर मस्त पळते पण ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी राहिली की टेम्परेचरचा काटा चढत जातो, पंखा कधी लागतो कधी नाही, आणि हेडलाइट लावले की काटा अजून उडी मारतो. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदला. लहानपणापासूनचं स्वप्न आहे हो हे, आधी काय बघू?

प्रतिसाद १: रेडिएटरला अजून हात लावू नका!! लाइट लावल्यावर काटा हलतो म्हणजे पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेवर. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरग्लासमधून करंट जात नाही, म्हणून इथे प्रत्येक गोष्टीला चासीपर्यंत (गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) वेगळी वायर लागते. इंजिन ते चासी जी अर्थची पट्टी आहे ती काढून खालचा रंग खरवडा आणि उघड्या धातूवर घट्ट बसवा. पंख्याला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघा, फिरला तर मोटर ठीक, मग स्विच आणि रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) तपासा.

प्रतिसाद २: सहमत. शिवाय कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) हवा अडकलीय का बघा, गाडीचं नाक जॅकवर उंच करून भरा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, वाफेने हात भाजतो.

प्रश्नकर्ता: पट्टी काढली तर खाली चक्क पावडर कोटिंग, म्हणजे करंट अडवणारा रंगाचा थर! खरवडून बसवली, आता लाइट लावले तरी काटा जागचा हलत नाही. खूप आभार. पंख्याचा स्विच शनिवारी बघतो.