सुधारगृहातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचे घर आमच्या सोसायटीत असावे का?

तिसरा मजला (धागाकर्ती)

पुण्यातील आमच्या बत्तीस सदनिकांच्या सोसायटीत (उपनगराचे नाव आज सकाळी काढून टाकले आहे, कारण शेवटी दिले आहे) एका सभासदाने आपली रिकामी सदनिका अकरा महिन्यांच्या करारावर एका संस्थेला दिली आहे. देहव्यापारातून सोडवलेल्या आणि सुधारगृहातील मुदत संपलेल्या पाच स्त्रिया तेथे राहणार आहेत. याला विरोध करणारा ठराव रविवारच्या विशेष सभेपुढे येत आहे. तो फेटाळला गेलाच, तर पर्यायी अटीही तयार आहेत: फाटकावर या पाचजणींसाठी वेगळी वही, रात्री नऊनंतर प्रवेशबंदी आणि आधार कार्डांच्या प्रती कार्यालयात.

माझ्या मते ठराव आणि अटी दोन्ही चुकीच्या आहेत. आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यास सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवणे पुरते. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) घेता येते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. परंतु केवळ उपविधी दाखवून शेजार मिळत नाही, म्हणून पुढचे लिहिते.

१९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पोलिसांच्या भाषेतील ‘पिटा’च्या, कलम १७ नुसार छाप्यात सोडवलेल्या स्त्रीला चौकशीनंतर एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात (म्हणजेच बोलीतील सुधारगृहात) ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. ती आरोपी नसते, पण दाराची किल्लीही तिच्याकडे नसते. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान तरुणींना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही म्हणून मुक्त केले, आणि मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छेविरुद्ध अडकलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेसाठी अशा गृहांची पाहणी करण्याचे निर्देश राज्यांना दिले. दार उघडते आहे, पण बाहेर पाऊल टाकायचे कोठे? एकट्या स्त्रीला खोली दाखवताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘मिस्टर काय करतात?’ हाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशानुसार देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आधार कार्ड देताना त्यांचा व्यवसाय उघड करणारी कोणतीही खूण त्यावर नको. आधारवर जी खूण चालत नाही, ती आमच्या फाटकावरच्या वहीत कशी चालेल?

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, तेव्हा माझ्या सासूबाईंचे नदीकाठचे घर वाहून गेले. ज्यांनी त्यांना ओसरी दिली, त्यांनी चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता.

माजी सचिव

तिसरा मजला, आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, पण पानशेतचे उदाहरण येथे लागू पडत नाही. पूरग्रस्तांचा पाठलाग करीत कोणी मागे येत नव्हते. या स्त्रियांच्या मागे, आपल्याच म्हणण्यानुसार, माणसे विकणारे लोक आहेत, आणि ते आले तर जिन्यात प्रथम आमचीच मुले भेटतील.

दुसरे असे की, संस्थेला हा पत्ता गुप्त ठेवायचा आहे. बत्तीस कुटुंबे, त्यांच्याकडे येणाऱ्या कामवाल्या, दूधवाला, दोन वॉचमन आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट एवढ्यांना जे माहीत आहे, त्याला गुप्त म्हणायचे काय? मी वीस वर्षे सोसायटीचे काम पाहिले. आमच्याकडे गळणाऱ्या टाकीची बातमीही दुपारपर्यंत गुप्त राहत नाही. वेगळी वही मला पसंत नाही, हे मान्य करतो. पण येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद सर्वांसाठी असावी, आणि ती कडक असावी.

निवृत्त, फौजदार चावडी

पोलिसांतली माझी काही वर्षे बुधवार पेठेच्या, म्हणजे पुण्यातील देहव्यापाराच्या वस्तीच्या, हद्दीत गेली आहेत. सुधारगृहाच्या कुलपावर टीका करणाऱ्यांनी फाटकाबाहेर कोण उभे असते तेही पाहावे. छाप्यानंतर दोन दिवसांत कोणी ‘मावशी’ येते, कोणी ‘नवरा’ लग्नाचा फोटो घेऊन येतो, वकील आधीच ठरलेला असतो, आणि त्या सर्वांचा खर्च घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, करीत असते. म्हणूनच मुलीला आईवडिलांच्या वा नवऱ्याच्या ताब्यात देण्यापूर्वी ते लोक खरे आहेत का, याची चौकशी कलम १७अ मध्ये सांगितली आहे. दार उघडे ठेवले असते, तर माझ्या हद्दीतल्या निम्म्या मुली आठवड्यात परत माडीवर दिसल्या असत्या. शिवाय साक्षीदारच नाहीशी झाली की खटला कोलमडतो आणि दलाल हसत बाहेर येतो.

मात्र सोसायटीच्या ठरावाला माझा विरोध आहे. मुदत संपलेली स्त्री ही नागरिक आहे, आणि सभासदांना तपासाचे अधिकार कोणी दिलेले नाहीत.

शिवणवर्गाच्या बाई

निवृत्त साहेब, आपण सांगता ते खोटे नाही, पण अर्धे आहे. मी चार वर्षे अशाच एका गृहात आठवड्यातून दोनदा शिवण शिकवीत होते. फाटकाबाहेरचा ‘नवरा’ मीही पाहिला आहे. परंतु तेथील मुली ज्याला घाबरत, तो बहुधा तो नसे. त्यांना धास्ती असे ती घरी जाणाऱ्या पैशांची. एकीच्या गावी धाकट्या भावाची फी आणि आईची औषधे तिने पाठवलेल्या पैशांवर चालत होती, छाप्याच्या रात्री ते पैसे थांबले, आणि वर्षभर आमच्या वर्गात ती बाई पिशव्यांना बंद शिवत बसली. महिन्याकाठी मिळणारा मोबदला तिच्या फोनच्या रिचार्जला पुरला नसता, आणि फोन तर तिला दिलेलाच नव्हता. ती परत माडीवर गेली. तिला कोणी पळवून नेले नाही. ती रिक्षा करून गेली.

म्हणून, तिसरा मजला, मला आपल्याही मांडणीत एक उणीव दिसते. अकरा महिन्यांनंतर काय? भाडे संस्थेचे आणि करार संस्थेचा, मग त्या पाचजणींच्या नावावर उरते काय? बँकेत खाते, शिधापत्रिका, गॅस या सर्वांना पत्ता लागतो. संस्थेने या काळात प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाने पत्त्याचा पुरावा आणि पगाराची नोकरी मिळवून दिली नाही, तर हे घर म्हणजे खिडक्या मोठ्या असलेले सुधारगृहच ठरेल. कायद्याच्या कलम १९ नुसार स्त्री स्वतः अर्ज करूनही संरक्षणगृहात जाऊ शकते. माझ्या चार वर्षांत तसा अर्ज करून आलेली एकही बाई मला भेटली नाही, यावरून काय ते समजावे.

माजी सचिव

बाई, आपले म्हणणे पटले. तरी एक रोखठोक प्रश्न उरतो: यांपैकी कोणी बांगलादेशी असेल, तर घरमालक आणि सोसायटी दोघेही अडचणीत येतील. बंगाली बोलणारी कोणती कोठली, हे आम्ही कसे ओळखायचे?

दुभाषी, येरवडा

माझे माहेर पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात आणि सासर पुण्यात आहे. न्यायालयात आणि गृहांत बंगाली जबाबांचे भाषांतर मी करते. आपण ओळखायचे नाही, हे माझे उत्तर आहे. माझ्या उच्चारांवरून मलाही भाजीवाल्याने एकदा कागद विचारले होते.

बांगलादेशी स्त्रीला अशा सदनिकेत ठेवलेच जात नाही. तिच्या गावी पोलिसांकडून राष्ट्रीयत्वाची खात्री होते, मग मुंबईतील बांगलादेशचे उप-उच्चायुक्तालय प्रवासपत्र देते, आणि ते येईपर्यंत ती गृहातच असते. २०१५मध्ये दोन्ही देशांत मानवी तस्करीविषयी सामंजस्य करार झाला, तरी वाट पाहणे महिनोन् महिने चालते. कित्येकींना मी पुणे स्थानकावर हावड्याच्या आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसवून दिले आहे. पुढे पेट्रापोलच्या सीमानाक्यावर त्यांना पलीकडे सोपवतात. १ मे २०१२च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेत म्हटले आहे की, स्वेच्छेने न आलेल्या, फसवून आणलेल्या परदेशी स्त्रीवर तेव्हाच्या परकीय नागरिक कायद्याखाली आरोपपत्र ठेवू नये. ही सूचना माहीत नसलेले अधिकारी मला भेटले आहेत. नेपाळच्या स्त्रीचा प्रश्न वेगळा आहे: १९५०च्या तहामुळे तिला येथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा आहे.

निवृत्त साहेबांच्या साक्षीदाराच्या मुद्द्याबाबत: २००३मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीवरील साक्ष ग्राह्य धरली. साक्षीसाठी एखादीला दोन वर्षे अडकवून ठेवण्याची गरज उरलेली नाही. दुभाषी मात्र वेळेवर बोलवावा लागतो.

निवृत्त, फौजदार चावडी

कायदा तसे म्हणतो, हे खरे. पण पलीकडच्या गावात तिला साक्षीच्या तारखेला पडद्यासमोर आणून बसवणार कोण? माझ्या काळात समन्सच परत येत असे.

तिसरा मजला (धागाकर्ती)

शिवणवर्गाच्या बाई, अकरा महिन्यांचा प्रश्न मी संस्थेला विचारला आहे. दोघींना पॅकिंगचे काम मिळाले आहे, तिघींचे अजून ठरलेले नाही, असे लेखी उत्तर आले.

माजी सचिव, पत्त्याबाबत आपण बरोबर आहात, आणि त्यात पहिली चूक माझीच आहे. पहिल्या मजकुरात मी उपनगराचे नाव आणि जवळची खूण लिहून बसले होते. सकाळी दोन्ही काढून टाकले. आता आपल्यालाही एक विनंती आहे: सभेच्या सूचनेत विषय क्रमांक चारखाली सदनिकेचा क्रमांक, संस्थेचे नाव आणि ‘सुधारगृहातील महिला’ असे शब्द सविस्तर छापले आहेत, आणि ती सूचना मंगळवारपासून लिफ्टशेजारी लावलेली आहे.

माजी सचिव

सूचना मी लिहिलेली नाही. पण आत्ता खाली जाऊन काढतो.