घरच्या नेटवर्कसाठी कमी विजेवर चालणारा सर्व्हर : रास्पबेरी पाय, एन१०० की सेकंडहँड मायक्रो पीसी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरात चोवीस तास चालू राहील, पण विजेचं बिल फुगवणार नाही असा छोटा सर्व्हर घ्यायचाय. बजेट पंचवीस हजार. साडेतीन इंची, ४ टीबीच्या दोन डिस्क आधीच घेऊन ठेवल्यात, त्यांचा खर्च यात धरू नका. सर्व्हरवर लिनक्सच असेल. डेबियन हा लिनक्सचा प्रकार मला बऱ्यापैकी जमतो, त्यामुळे सॉफ्टवेअरची फार काळजी नाही. अडलंय ते खोक्याच्या निवडीवर.

काम काय आहे ते नीट सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरणार. आम्ही चिपळूणचे. बाबांनी आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली नमनं, शिमग्यातल्या पालख्या, गणपतीतली जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने असं बरंच काही मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर घेऊन ठेवलंय. शंभराच्या आसपास टेपा आहेत. त्यातले कितीतरी गाणारे, मृदंग वाजवणारे आता राहिले नाहीत. २२ जुलै २०२१च्या पुरात आमचा तळमजला पाण्याखाली गेला. टेपा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, खालच्या कपाटातले छापील फोटो गेले. त्यानंतर हे काम मनावर घेतलं. फायरवायर कार्ड (जुने कॅमेरे संगणकाला जोडायचं) लावून टेपा जुन्या डेस्कटॉपवर उतरवतोय. मूळ डीव्ही दर्जात तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे सगळं मिळून १.३ टीबीच्या आसपास जाईल.

हे घरच्या टीव्हीवर आणि फोनवर दिसायला हवं, शिवाय मुंबईतल्या चाकरमान्यांनाही पाहता यायला हवं. जोडीला घरातल्या चार फोनमधले फोटो आपोआप येऊन पडावेत, त्यासाठी इमिच लावायचा विचार आहे. व्हिडिओसाठी जेलीफिन. बाकी विशेष काही नाही.

सध्या हे सगळं त्याच जुन्या टॉवरवर चालतंय. वॉटमीटर लावून पाहिलं तर नुसता बसलेला असतानाही तो ४८ वॉट खातो. महिन्याचे साधारण ३५ युनिट झाले. युनिटला सगळं धरून दहा रुपये पकडले तरी साडेतीनशे रुपये महिना, आणि उन्हाळ्यात आमचं मीटर ३००च्या पुढच्या टप्प्यात गेलं की हेच युनिट आणखी महाग पडतात. १० वॉटच्या आत राहणारं यंत्र मिळालं तर वर्षाला तीनेक हजार वाचतील.

आता पर्याय. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक पाहिला. वीज सगळ्यात कमी, आकार लहान. पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायला वेगळं हार्डवेअर नाही आणि डीव्ही फाइल ब्राउझरमध्ये थेट चालत नाही. म्हणजे कुणी बघायला बसलं की सर्व्हरने ती जागच्या जागी बदलून द्यायची, आणि तो भार सगळा प्रोसेसरवर. शिवाय हे चित्रण इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्यांत घेतलेली. नमनातला संकासूर नाचायला लागला की त्याच्या हातांच्या कडांना फोनवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. त्या काढायच्या तर आणखी काम.

दुसरा पर्याय इंटेल एन१००चा मिनी पीसी. चार कोअर, कागदावर टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेचा आकडा) ६ वॉट, आणि क्विक सिंक असल्यामुळे व्हिडिओ बदलायचं काम हार्डवेअरवर होतं.

तिसरा, ऑफिसांमधून निघालेले सेकंडहँड मायक्रो पीसी. आय५-८५००टी असलेला एक बजेटमध्ये मिळतोय. सहा कोअर, रॅमला दोन स्लॉट. पण त्याच्या प्रोसेसरचा टीडीपी ३५ वॉट आहे, तिथे मन कचरतं. आणि या दोन्हींत माझ्या साडेतीन इंची डिस्क बसत नाहीत. मायक्रो पीसीत एक अडीच इंची डिस्क आणि एक एम.२ (पट्टीसारखी छोटी एसएसडी) एवढीच सोय. यूएसबीचा दोन डिस्कवाला डबा बाहेर जोडून त्यावर झेडएफएस या फाइल सिस्टीमचा मिरर करावा का, म्हणजे दोन्ही डिस्कवर आपोआप तीच प्रत राहील?

पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते, हेही लक्षात घ्या. इन्व्हर्टर आहे, पण पंखे आणि दिवे त्यावरच चालतात.

प्रतिसाद १

टीडीपी बघून घाबरू नका. तो आकडा प्रोसेसर पूर्ण भारावर असताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा अंदाज देतो. प्लगमधून किती वीज ओढली जाईल ते त्यावरून कळत नाही. घरचा सर्व्हर दिवसातले बावीस-तेवीस तास रिकामाच बसलेला असतो, म्हणून रिकामं असतानाचे वॉट बघायचे. माझ्याकडे ८५००टीचाच मायक्रो पीसी आहे. एक एसएसडी, डेबियन, मॉनिटर काढलेला, पॉवरटॉप या वीज वाचवायच्या प्रोग्रॅमने सुचवलेल्या सेटिंग लावल्यात. मीटरवर ९ ते १० वॉट दिसतात. एन१०० माझ्या भावाकडे आहे, तो ७च्या आसपास बसतो. दोन-तीन वॉटचा फरक म्हणजे महिन्याला दोन युनिट. त्यासाठी सहा कोअर सोडू नका.

सेकंडहँड घेताना मात्र दुकानातच बायोस (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडून बघा. पासवर्ड लावलेला असेल तर तो खोका तिथेच ठेवून या. अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे ना, तेही बघा. काही मॉडेलं परका अडॅप्टर लावला की प्रोसेसरचा वेग पाडतात. वीज गेल्यावर परत आली की यंत्र आपोआप चालू व्हावं, याची सेटिंग बायोसमध्ये असते. घरी आणल्यावर पहिलं काम ते करा.

प्रतिसाद २

मी वेगळं सुचवते. दादा, तुम्ही दोन गोष्टी एकाच यंत्रावर टाकताय, जपून ठेवणं आणि बघायला देणं. त्या वेगळ्या करा.

बघण्यासाठी प्रत्येक टेपेची एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या स्वरूपात एकदाच एक प्रत बनवा. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडिफ हा फिल्टर लावून इंटरलेसिंग काढा आणि फ्रेम सेकंदाला ५० ठेवा. २५ केल्या तर नाचाची गती तुटक दिसते. हे काम त्या जुन्या टॉवरवरच रात्री लावून द्या, संपलं की टॉवर बंद. सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर तासाला सुमारे १.८ जीबी होतात, म्हणजे शंभर तासांचं सगळं १८० जीबीत बसतं. एवढं साध्या एसएसडीत मावतं! मग सर्व्हरला व्हिडिओ बदलायचं कामच उरत नाही, फाइल नुसती पुढे सरकवायची. ते रास्पबेरी पाय ४ सुद्धा आरामात करेल.

मूळ डीव्ही फाइल पुसू नका, त्याच खऱ्या. पण त्या रोज फिरत्या डिस्कवर असायची गरज नाही. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी चार-पाच वॉट खाते, दोन म्हटल्या की तुमच्या सर्व्हरएवढीच वीज तिकडे गेली.

आणि मिररचं म्हणाल तर पूर पाहिलेल्या घरात दोन डिस्क एकाच डब्यात ठेवून काय मिळणार? एक डिस्क बिघडली तर मिरर कामाचा. पाणी आलं, वीज पडली, चोरी झाली, चुकून डिलीट झालं, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. यूएसबीच्या डब्यावर झेडएफएस तर मी करणारच नाही. डब्यातली चिप मध्येच क्षणभर सुटली की पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) अडकून बसतो. दोन्ही डिस्कवर तीच मूळ प्रत, चेकसमच्या (फाइल बिघडली का ते तपासायच्या आकड्यांच्या) यादीसकट ठेवा. एक घरी वरच्या मजल्यावर, दुसरी मुंबईच्या नातेवाइकांकडे. नेटवरून १.३ टीबी पाठवत बसू नका, ५० मेगाबिटच्या अपलोडलाही अडीच दिवस सलग लागतील. गणपतीला आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून डिस्क जाऊ दे.

प्रतिसाद ३

वरचं पटलं. फक्त इमिच लावणार असाल तर पाय ४ नको. चेहरे ओळखायचं काम त्याला फार वेळ घेतं, आणि ८ जीबी रॅम तरी हवीच. तुमच्यासाठी एन१०० बरा, त्याचं कारण वेगळं आहे. यातले बरेच खोके १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो ना, त्यातलाच जास्त अँपिअरचा घेतला तर सर्व्हर इन्व्हर्टरवर टाकावाच लागत नाही. विकत घ्यायच्या आधी अडॅप्टरवर १२ व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, ३ असेल तर यूपीएसही तेवढा देणारा हवा. मायक्रो पीसी १९-२० व्होल्टवाले असतात, तिथे हे जमत नाही.

मुंबईहून बघायचं तर आधी राउटरमध्ये वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला, पोर्ट उघडून काही होणार नाही. टेलस्केल लावा, ते घरच्या आणि बाहेरच्या यंत्रांना खासगी जाळ्यात जोडतं. टीव्हीवर बघणाऱ्या वयस्कर मंडळींना ते सेट करून द्यावं लागेल एवढंच.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, बघायची प्रत वेगळी करायची हे डोक्यातच आलं नव्हतं, त्याने अर्धा प्रश्न सुटला. बाबांना दाखवलं. डिस्क डोंबिवलीला काकांकडे ठेवायला ते लगेच तयार झाले. एका टेपेवर तुम्ही सांगितलेला फिल्टर चालवून पाहिला, संकासुराच्या हातांच्या रेघा पूर्ण गेल्या. पन्नास फ्रेमला नाच टेपेवर दिसतो तसाच दिसतोय.

आता एन१००कडे कल आहे. १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, १२ व्होल्टचा अडॅप्टर. एकच शंका उरलीय. बिनपंख्याचा घ्यावा की पंख्याचा? पुरामुळे तळमजल्यावर काहीच ठेवायचं नाही असं ठरलंय, आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी उभं राहवत नाही. पंखा असला तर समुद्राकडची दमट हवा आणि धूळ आत ओढली जाणार. दमट हवेत कुणी बिनपंख्याचा खोका उन्हाळाभर चालवला असेल तर एसएसडीचं तापमान किती जातं ते कृपया सांगा.

प्रतिसाद ४

रत्नागिरीत चालवतोय, पत्र्याखालीच. बिनपंख्याचा होता तेव्हा मे महिन्यात एसएसडी सत्तरीपर्यंत जायची. आता छोट्या पंख्याचा आहे, पन्नाशीत राहते. पंख्याचाच घ्या. छपरापासून लांब, भिंतीवर कमरेच्या उंचीला लावा, आणि पावसाळा संपला की उघडून ब्रशने साफ करा. मुंग्या आत शिरतात, तेव्हा जाळीही बघून घ्या.