३१ फुटी क्लास सी विकून लहान काहीतरी घ्यायचंय. व्हॅन की ट्रेलर?

सॅक्रामेंटोकर

लोकहो, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे २०१७ ची ३१ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या चॅसीवर बांधलेलं फिरतं घर) आहे. फोर्ड ई-४५० चॅसी, व्ही-१० इंजिन, एक स्लाइड (उभी केल्यावर बाहेर सरकणारी भिंत), ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक (झोपायचा कप्पा). घेतली तेव्हा दोन मुलं शाळेत होती आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा यायचे. सहा माणसं, वर लाडवांचे डबे. सगळं मावायचं. आता बाबा नाहीत, आईला एवढा विमानप्रवास झेपत नाही, मुलगी सिएटलला आणि मुलगा बॉस्टनला. उरलो आम्ही दोघं आणि ते धूड.

गॅलनला ८ मैल जाते. घरासमोर लावायला सोसायटीची परवानगी नाही, म्हणून उभी करायचे महिन्याला २२५ डॉलर जातात. गेल्या वर्षी किती रात्री बाहेर काढल्या ते मोजलं तर २६ निघाल्या. त्यातल्या सेकोया नॅशनल पार्कच्या वेळी वरच्या जायंट फॉरेस्टपर्यंत गेलोच नाही, कारण पायथ्याच्या पॉटविशापासून पुढे २२ फुटांहून लांब गाडी नेऊ नका असंच पार्कवाले सांगतात. खालीच बसून नदी बघून आलो. आणि कॅम्पवर दूध संपलं की पाणी काढा, वीज काढा, स्लाइड आत घ्या, कपाटं लावा, मग दुकान.

बायकोच्या अटी तीन. रात्री बाथरूमसाठी बाहेर जायचं नाही. पलंगावर चढायला शिडी नको (गुडघे). आणि मागे काही ओढत न्यायचं असेल तर ती येणार नाही. घरची दुसरी गाडी २०१९ ची टोयोटा हायलँडर एसयूव्ही आहे, व्ही-६, टो पॅकेजसकट (म्हणजे ट्रेलर ओढायची सोय). बजेट म्हणजे ही विकून येतील ते आणि वर फार तर १५ हजार.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तात्या_टेक्सास

आधी विक्रीचं बोलतो, कारण तिथेच लोक गंडतात. डीलरकडे बदलीत (जुनी देऊन नवी घेताना) देऊ नका. माझ्या वेळी एका डीलरने फोनवर एक आकडा सांगितला आणि गाडी दारात नेल्यावर "छताचं रबर गेलंय" म्हणून ९ हजार कमी केले. छत मीच आदल्या वर्षी सील केलं होतं, पावत्या खिशात होत्या. मुकाट्याने घरी परत आणली आणि दोन महिन्यांनी स्वतः विकली.

आमच्याकडे टेक्सासात निदान बदलीची किंमत वजा करून उरलेल्यावर कर लागतो. तुमच्या कॅलिफोर्नियात नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर सेल्स टॅक्स भरावा लागतो, बदलीची सूट नाही. म्हणजे डीलरकडे द्यायचं ते एक कारणही तुम्हाला उरत नाही. स्वतः विका. टायरवरचा डीओटी कोड बघून ठेवा, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही छान दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर असतील तर गिऱ्हाईक त्यावरूनच भाव पाडणार.

पुणेरी_शंका

एवढं घरदार बरोबर घेऊन जायचं तर घरीच बसायला काय हरकत आहे? एक प्रामाणिक प्रश्न.

तात्या_टेक्सास

आलात? वाटच बघत होतो.

मिशिगनची_मावशी

सॅक्रामेंटोकर भाऊ, मी चार वर्षं व्हॅन वापरली, प्रोमास्टर या मालवाहू व्हॅनवर बांधलेली, २१ फुटी. व्हॅनच्या फोटोंत जे दिसत नाही तेवढंच सांगते.

चालवायला सुख आहे. कुठल्याही दुकानासमोर पार्किंगच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसते, रस्त्यात कुठेही चहा टाकता येतो. पण तुमची दुधाची तक्रार व्हॅनने सुटणार नाही! घर आणि गाडी एकच, त्यामुळे ट्रेल बघायला जायचं तरी घर आवरूनच निघायचं. आमच्या मॉडेलमध्ये पलंग रोज मांडायचा आणि रोज मोडायचा होता. पहिल्या वर्षी मजा वाटली. तिसऱ्या वर्षी यजमान एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि गादीचे पाच तुकडे मध्ये, यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नाच्या तीस वर्षांत झाली नव्हती. घ्यायचीच तर कायमचा पलंग असलेली घ्या, आणि पलंगाची उंची वहिनींच्या गुडघ्यापाशी मोजा.

२१ फुटी म्हणजे सगळीकडे जाते असंही नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडी चालत नाही, आणि रुंदी आरशांसकट धरतात.

आता स्वयंपाक. कुणी हे सांगत नाही म्हणून सविस्तर. ३१ फुटात फोडणी केली तर वास मागच्या खोलीपर्यंत जाताजाता विरतो. व्हॅनमध्ये पलंग शेगडीपासून चार फुटांवर. पहिल्याच ट्रिपला हौसेने लसूण घालून भरली वांगी केली. धुराचा अलार्म वाजला तो वाजलाच, वर पुढचे चार दिवस पांघरूण, उशा, माझे केस, सगळ्याला वांग्याचा वास. तेव्हापासून फोडणी बाहेर. टेबलावर एक बर्नर, वाऱ्याला आडोसा म्हणून पत्र्याचा पडदा, कढई बाहेरच. आत फक्त चहा, दूध, तीन लिटरच्या कुकरमध्ये खिचडी. कुकर लावलात तर छताचा पंखा चालू आणि समोरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर वाफ काचांवरून गादीखाली उतरते आणि महिनाभराने बुरशी सापडते. पाऊस असला की मात्र हे सगळं बोंबलतं. त्या दिवशी दहीपोहे.

नाईलाजाने_भटक्या

मावशींना अनुमोदन. इंडक्शनच्या नादाला लागणाऱ्यांसाठी भर घालतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॉट-अवर. १८०० वॉटची शेगडी एका बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालणारच नाही, आणि दोन-तीन बॅटऱ्या लावल्या तरी भाकऱ्या करत बसलात तर रात्री पंख्याला वीज उरायची नाही. गॅस बरा. मिक्सर मात्र बिनधास्त चालतो, दोन मिनिटांची चटणी म्हणजे बॅटरीला काहीच नाही.

माझं मत मात्र व्हॅनच्या विरोधात आहे. वर्षाला २६ रात्रींसाठी दुसरं इंजिन, दुसरा विमा, दुसऱ्या गाडीचं ऑइल हे कशाला? हायलँडर आहेच. व्ही-६ ला टो पॅकेज असेल तर ५००० पौंड क्षमता. हायब्रिड असती तर मी गप्प बसलो असतो.

वहिनींना ओढण्याची भीती आहे ती ३० फुटी ट्रेलरची असणार. लहानाची बघून मग ठरवा.

बटाटेवडा_ऑन_व्हील्स

मी या धाग्याची वाटच बघत होते. अंडं घ्या, अंडं!

अंडं म्हणजे मोल्डेड फायबरग्लासचा ट्रेलर. वरची आणि खालची अशी दोन टरफलं, मध्ये कमरेवर जोडलेली. १९६८ च्या सुमारास कॅनडात विनिपेगला बोलर नावाने ही जात सुरू झाली. आज नावाजलेली दोन म्हणजे मिनेसोटातल्या बॅकसची स्कँप आणि टेक्सासातल्या राइसची कसिटा. नेहमीच्या ट्रेलरला छत आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी शिरतं, मग लाकूड कुजतं आणि भिंत फुगते. अंड्याच्या छताला सांधाच नसतो. म्हणून वीस-वीस वर्षांची अंडी अजून रस्त्यावर आहेत आणि भावही टिकून आहेत. विकायला बसलात तरी फार बुडत नाही.

दुर्गुणही सांगते. रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले धातूचे खिळे. आतली कपाटं टरफलाला रिव्हेटनी धरलेली असतात आणि जुनी झाली की तिथून थेंब येतात. वापरलेलं घेताना कपाटं उघडून कोपऱ्यात हात फिरवा, गालिचा उचलून जमीन दाबून बघा. पाय खचला तर किंमत न विचारता नमस्कार करून निघा.

१३ फुटी दोघांना रोजच्या वापराला चिमटतं. १७ फुटीत संडास-अंघोळीची ओली खोली मिळते (अंघोळ करताना कमोडही न्हातो, त्याची सवय लागते), मागे पलंग कायम मांडलेला ठेवता येतो आणि पुढे दोघांना जेवायला छोटं टेबल वेगळं. वहिनींच्या पहिल्या दोन अटी इथेच भागल्या. तिसरीचं तुम्ही बघा.

सॅक्रामेंटोकर

सर्वांचे मनापासून आभार. बायकोला धागा वाचून दाखवला. वांग्यावर हसली, अंड्यावर गप्प झाली. "ओढायचं" म्हटलं की तिला पंधरा वर्षांपूर्वी हायवेवर डोळ्यांदेखत हेलकावे खात आडवा झालेला एक ट्रेलर आठवतो. ती भीती खोटी नाही.

एक विचारतो. टोयोटाची सिएना मिनीव्हॅन घेऊन त्यातच पलंग टाकणारे भेटले. तो पर्याय कसा?

तात्या_टेक्सास

२०२१ पासूनच्या सिएनाच्या मधल्या सीटमध्ये एअरबॅग आहेत, त्या सीट सहज निघत नाहीत. जुनी असेल तर ठीक. पण पहिली अट परत वाचा. सिएनात बाथरूम म्हणजे झाकणाची बादली. वहिनी तुम्हालाच त्यात बसवतील.

नाईलाजाने_भटक्या

तो ट्रेलर आडवा झाला तो बहुतेक वजन मागे भरल्यामुळे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात त्या जागी) यायला हवं. लोक पाण्याचे कॅन, सायकली सगळं मागे लटकवतात, नाक हलकं होतं आणि शेपूट नाचायला लागते. वेगही तसाच. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल ५५ मैल, आणि तो नियम पाळलात तर निम्मी भीती तिथेच संपते. ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) मात्र हवाच. उतारावर गाडीने थांबायचं आणि ट्रेलरने ढकलायचं असं नको.

माझा सल्ला: विकत घेण्याआधी दोन्ही भाड्याने घ्या, तीन-तीन रात्री. आणि गाडी वहिनींना चालवू द्या. बाजूला बसून भीती वाढते.

पुणेरी_शंका

आता गंभीरपणे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं तेव्हा मीही उत्साहाने ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली एक कॅराव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात गेलो होतो. गाडी उत्तम. पण घाटात समोरून एसटी आली की २३ फूटही जास्त वाटतात. तेव्हा लहान घ्या, माझंही मत तेच. आणि कढई बाहेर ठेवायची कल्पना मावशींची चांगली आहे, इकडे माकडं नेतील.

मिशिगनची_मावशी

आमच्याकडे रकून नेतात.

सॅक्रामेंटोकर

अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय. कुणाला उपयोग झाला तर व्हावा.

भाड्याची व्हॅन मेंडोसिनोला नेली. पहिल्या दिवशी दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपगृह बघायला निघालो तर पांघरुणं घड्या, भांडी कोंबा, खुर्च्या आत, आणि परत येईपर्यंत आमच्या सावलीतल्या जागेवर दुसरा कुणीतरी टेबल मांडून बसलेला. बायको म्हणाली, हे तर त्या धुडासारखंच झालं, फक्त ओणवं होऊन करायचं.

मग अंडं. एका अंड्याच्या मालकाने ओळखीवर तीन रात्रींसाठी दिलं. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलरची शेपूट जिकडे हवी तिकडे हात न्यायचा, ही युक्ती मालकाच्या बायकोने सांगितली. वीस मिनिटांत बायकोने ट्रेलर दोन प्लास्टिकच्या शंकूंच्या मध्ये बसवला. मला अजून जमत नाही. त्यामुळे आता रिव्हर्स तीच घेते आणि मी मागे उभा राहून हात हलवतो, त्या हातवाऱ्यांचा अर्थ तिला कळत नाही.

तर घेतलं. वापरलेलं, १७ फुटी. दोन रिव्हेट गळत होते, ते बदलून मिळाले. क्लास सी तात्यांच्या सल्ल्याने स्वतः विकली, सात आठवडे लागले. तीन मुलांचं कुटुंब आलं होतं. त्यांचा धाकटा आत शिरल्या शिरल्या बंकवर चढला तो उतरेचना, बाप खाली टायरचे आकडे वाचतोय आणि वरून हा ओरडतोय. भावात मी जरा ढिला पडलो, कबूल.

पहिली ट्रिप परत पॉटविशा. अंडं खाली ठेवलं, हायलँडरने वर गेलो. जनरल शर्मन झाड या वेळी पाहिलं. माझ्याकडे वयाच्या ६२ नंतर मिळणारा नॅशनल पार्कचा सीनियर पास आहे, ८० डॉलरचा आयुष्यभराचा, त्यावर कॅम्पची जागा निम्म्या दरात मिळाली. परत आलो तर आमच्या खुर्च्या जागेवर होत्या.

नडतं ते पाणी. टाक्या इतक्या लहान की दुसऱ्या दिवशी भांडी घासताना हिशेब सुरू होतो. आता ताटं आधी कागदाने पुसतो, मग तांब्याभर पाण्यात उरकतो. आणि पावसाळी दिवशी दोन माणसांत एकच उभं राहायची जागा, त्यामुळे एकाने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं.

एक शेवटची शंका: हिचला कुलूप कुठलं घ्यावं?

बटाटेवडा_ऑन_व्हील्स

अभिनंदन!!! रिव्हेटच्या टोप्या बदलल्यात का? फोटो टाका, वहिनींचा रिव्हर्स घेतानाचा.

तात्या_टेक्सास

कुलपासाठी वेगळा धागा काढा. इथे विचारलंत तर पुणेरी म्हणतील, घरालाच लावा.