‘एलएस -एलटीआर मारा, विषय संपला’ म्हणे!

कारभारी: लिनक्सच्या टर्मिनलवरच्या कमांडींबद्दल नानांची पोस्ट: "फोल्डरात शेवटचा बदल कधी झाला ते बघायला एलएस -एलटीआर पुरे, फाइंडचे नखरे कशाला?" पुरे? ती कमांड फाइली जुन्या ते ताज्या अशा लावते खरी, पण एकाच पातळीवरच्या. आतले फोल्डरही दाखवणारा मोठा आर जोडला तरी क्रम प्रत्येक डिरेक्टरीचा, म्हणजे फोल्डरचा, वेगळा लागतो. डिरेक्टरीची स्वतःची तारीख तर फसवी: आतल्या फाइलीत मजकूर बदलला तरी ती हलत नाही, फाइल आली-गेली किंवा नाव बदललं तरच हलते. उलट विम एडिटरमध्ये फाइल नुसती उघडली तरी तिथे बनणाऱ्या तात्पुरत्या स्वॅप फाइलमुळे हलते. त्यापेक्षा आतल्या सगळ्या फोल्डरांत शोधणारं फाइंड वापरा (टी मोठा):
फाइंड . -टाइप एफ -प्रिंटएफ '%टी+ %पी\एन' | सॉर्ट | टेल

नाना_टर्मिनल: एवढं कोण टंकणार? लॉगचा फोल्डर सपाट असतो, आत फोल्डर नसतात, ताजी फाइल तळाला येते, झालं. शिवाय तुमचं -प्रिंटएफ मॅकवर चालत नाही.

शेलमावशी: फाइलीची तारीख बघायला मॅकवर स्टॅट -एफ '%एसएम %एन', एस आणि एन कॅपिटल. लिनक्सवर स्टॅट -सी '%वाय %एन'. लिनक्सवर -एफ दिलंत तर फाइलसिस्टिमची माहिती येईल. म्हणूनच उचललेल्या स्क्रिप्टा तोंडावर आपटतात.

नाना_टर्मिनल: झालं! प्रत्येक धागा मॅककडे ओढायचा.

शेलमावशी: मॅक तुम्हीच आणलंत, नाना. वर जाऊन वाचा.

अवकाळी: मॅक गेलं खड्ड्यात. खरा घोळ जुन्या फाइली शोधायच्या -एमटाइम +7 चा आहे (एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ). फाइंड 24 तासांनी भागून अपूर्णांक टाकून देतं, म्हणून पूर्ण आठ दिवस झालेल्याच फाइली सापडतात. आणि सापडलेल्या फाइली उडवणारं -डिलीट शेवटी लिहा. अटीच्या आधी लिहिलं तर सगळंच साफ.

नाना_टर्मिनल: तारखेचा भरवसा नसेल तर सीटाइम बघा की. फाइल जन्मली कधी ते कळतं.

कारभारी: अहो, सीटाइम जन्मवेळ नव्हे! परवानगी बदला, मालक बदला, ती बदलते. तिचा उपयोग वेगळा. टार, म्हणजे फाइलींचं गाठोडं, सोडलं की एमटाइम जुनीच राहते, सीटाइम आत्ताची लागते. त्यामुळे नुकत्याच उतरवलेल्या फाइली तुमच्या लाडक्या कमांडीत वरती कुठेतरी गडप होतात. एलएस -एलटीसीआर द्या, तळाला येतील.

नाना_टर्मिनल: म्हणजे शेवटी एलएसच! बरं, फोल्डरात फोल्डर असतील तर फाइंड, घ्या, खूश? पण सहा महिन्यांपूर्वीच्या फाइलीला वेळेऐवजी वर्ष दिसतं, त्याचं काय?

कारभारी: --फुल-टाइम.

शेलमावशी: मॅकवर ते नाही. तिथे -एल आणि मोठा टी.

अवकाळी: आलं परत मॅक.