मदत हवी: २.६ मीटर पंखांच्या ग्लायडरला इलेक्ट्रिक मोटर लावू की पेट्रोल इंजिन? (औसा, जि. लातूर)

बांधावरून:
रेडिओ कंट्रोल ग्लायडर आहे, बाल्सा आणि प्लायचा. पंख २.६ मीटर, इंजिनाशिवाय वजन १६०० ग्रॅम, नाकाची आतली रुंदी ६ सेंमी. उडवायची जागा म्हणजे औशाजवळचं रान, ज्वारी निघाल्यावर मोकळं. रानात लाईट नाही, घरी भारनियमन. म्हणून पेट्रोलकडं कल आहे. बाटली भरून न्यायची अन् दिवसभर उडवायचं. २० सीसीचं इंजिन बघायलोय. ४२ अंशात लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) टिकंल का, हीही शंका आहेच. जाणकारांनी सांगावं.

वावटळ:
२० सीसी ह्या विमानाचं नाही. सायलेन्सर, इग्निशन, त्याची बॅटरी, टाकी, माउंट धरून किलोभर वजन नाकावर बसतं. ते तोलायला शेपटीत शिसं घालणार, मग तो ग्लायडर कसला, धोंडाच. सिलिंडर ६ सेंमीत मावत नाही, तो बाहेर डोकावणार. त्यात २५० मिलीची टाकी भरली की जवळपास १९० ग्रॅम होते आणि ती सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) पुढं असते. पेट्रोल संपत जाईल तसं नाक हलकं होतं, म्हणजे नेमकं उतरायच्या वेळी विमान चंचल.

किलोमागं ऊर्जा पेट्रोलमध्ये लिपोच्या कितीतरी पट, हे खरं. पण तो फायदा तासभर सलग इंजिन चालवणाऱ्याला. तुम्हाला एका चढाईला वीस सेकंद लागतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रातही मर्यादा १२० मीटरच आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटर. रान कुठल्या रंगात येतं ते डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी बघून घ्या.

आता हिशोब. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), बॅटरी, प्रॉप (पुढचा पंखा) मिळून ४०० ग्रॅम धरा, म्हणजे एकूण २ किलो. किलोला १४०-१५० वॉट पुरे, म्हणजे साधारण २८५ वॉट. त्याला ३५४२ मापाची ९०० केव्ही (व्होल्टमागं मिनिटाला ९०० फेरे) मोटर, १२×६ (व्यास × पिच, इंचात) फोल्डिंग प्रॉप, ४० अँपिअरचा ईएससी, ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच लिपो. करंट २७ अँपिअरच्या आसपास येईल. चढ सेकंदाला ६ मीटर धरला तर १२० मीटरला २० सेकंद, खर्च १.६ वॉट-तास. बॅटरीत २४ वॉट-तास असतात, त्यातले ८० टक्केच वापरायचे. सर्व्होंचा (पंख-शेपटीचे पडदे हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा) खर्च आणि उतरताना फेरी चुकली तर म्हणून राखीव सोडूनही एका पॅकमध्ये ९-१० चढाया होतात.

मोटर बंद केली की प्रॉप मिटतो, वर नेणारी हवा सुटली की पुन्हा थ्रॉटल. पेट्रोल इंजिन वर बंद पडलं तर दोरी ओढायला कोण जाणार? म्हणून ते आयडलवर (मंद चालू) ठेवतात, आणि आयडलवरचा प्रॉप घसरणीत ब्रेकसारखा ओढतो.

गोदाकाठ, नांदेड:
वावटळभाऊंचं ह्या विमानापुरतं मान्य. पण पेट्रोलला सरसकट नावं ठेवू नका. दुसऱ्या विमानामागं दोरीनं मोठा ग्लायडर ओढून न्यायचा असेल, तर ओढणाऱ्या विमानाला ३०-५० सीसी पेट्रोलच सोयीचं पडतं. एकामागून एक ओढत राहता येतं.

कुणी पेट्रोल घेतलंच तर पंपावरच्या इथेनॉलचं भान ठेवा. वीस टक्के इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात मिश्रण दोन-तीन आठवडे पडून राहिलं की पाणी खाली बसतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. सिलिकॉनची नळी ग्लो (मिथेनॉलच्या) इंधनाची, पेट्रोलमध्ये ती फुगून निसटते. टायगॉन किंवा व्हिटॉनची, पेट्रोल सोसणारी नळी लावा. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ३०:१ म्हणजे लिटरला ३३ मिली टू-स्ट्रोक ऑइल. उडवणं झालं की टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईस्तोवर चालवा.

बांधावरून:
इलेक्ट्रिकचं पटलं. पण रानात चार्जिंगचं काय? आणि उन्हाचं?

वावटळ:
१२ व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावा. ८० एएचची बॅटरी म्हणजे ९६० वॉट-तास. तिची तीस टक्केच वापरली तरी दहा पॅक भरतात आणि ट्रॅक्टर सेल्फ मारतो. चार्जिंगचा करंट १सी (पॅकच्या क्षमतेएवढा), म्हणजे २.२ अँपिअर, एका पॅकला तास-सव्वा तास. तीन पॅक ठेवले की खोळंबा नाही. उडवून आल्यावर गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका, बांधावरच्या झाडाखाली गार होऊ द्या. बंद गाडीत तर ठेवूच नका. त्या दिवशी उडवायचं नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. भरलेला पॅक मे महिन्यात आठवडाभर पडला की फुगतो.

उन्हाची खरी खोट हवेत आहे. लातूरची उंची सहाशे मीटरच्या वर; ४२ अंशाला तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानक हवेपेक्षा पंधरा टक्के पातळ. पेट्रोलची ताकद तेवढी घटते आणि कार्ब्युरेटरची सुई नव्यानं लावावी लागते. इलेक्ट्रिकला फक्त प्रॉप बदलायचा: एप्रिल-मेमध्ये १३×६.५, साधारण ३४ अँपिअर. हाच प्रॉप डिसेंबरच्या सकाळी ३८ च्या घरात जातो, ईएससीच्या काठावर. थंडीत परत १२×६. दोन्ही वेळा वॉटमीटरनं मोजा, अंदाजावर सोडू नका.

गोदाकाठ, नांदेड:
दोन गोष्टी राहिल्या. ईएससीत ब्रेक चालू करा, नाहीतर प्रॉप वाऱ्यावर फिरत राहतो, मिटत नाही. "ग्लायडर तरंगत नाही" ह्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं. आणि मोटरचे एम३ स्क्रू लांब घेऊ नका. आत शिरून वाइंडिंगला टेकले की पहिल्याच थ्रॉटलला धूर.

बांधावरून:
फायरवॉल (मोटर बसते ती नाकातली फळी) सरळ बसवू का? आणि ज्वारीच्या धसकटात उतरताना प्रॉपचं काय होतं?

वावटळ:
सरळ नको. उजवीकडं २ अंश, खाली २ ते ३ अंश. मोटरखाली वॉशर घालून जमतं. जोर दिल्यावर नाक वर उसळलं तर खालचा कोन आणखी एक अंश वाढवा. सीजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करा, बॅटरी पुढं-मागं सरकवूनच तो जुळवा.

धसकटात मिटलेला प्रॉप वाचतो, पोट फाटतं. पोटाला नाकापासून पंखापर्यंत फायबरची पट्टी चिकटवा. उतरायला नांगरलेलं काळं रान निवडू नका, ढेकळं असतात. मात्र दुपारी वर जाणारी हवा त्याच रानावर शोधा, शेजारच्या पाणी दिलेल्या उसावर नाही.